परदेशी लीग, राष्ट्रीय संघटना आणि मधे सापडलेला बॅडमिंटनपटू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका चार कोर्टांच्या हॉलचं वेळापत्रक मी सांभाळतो. संध्याकाळी सातच्या बॅचला मुलं आत खेळत असतात आणि पालक बाहेरच्या बाकावर बसलेले असतात. गेल्या काही वर्षांत या बाकावरचे प्रश्न बदलले. आधी विचारायचे, 'जिल्हा निवड कधी आहे?' आता विचारतात, 'जर्मनीतला क्लब बोलावतोय, जाऊ द्यायचं का? संघटना काही म्हणणार नाही ना?' तीच तीच उत्तरं तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढली आहेत.

मुळात भांडण कशावरून आहे?

खेळाडूच्या वेळेवर आणि नावावर हक्क कोणाचा, यावरून. राष्ट्रीय संघटना म्हणते, हा आमच्या शिबिरात घडला, देशाच्या नावावर खेळतो, तेव्हा तो कुठे, कधी आणि कोणती रॅकेट घेऊन खेळणार हे आम्ही ठरवू. खेळाडू म्हणतो, माझी कारकीर्द दहा-बारा वर्षांची, गुडघा माझा, घरखर्च माझा. मोकळ्या आठवड्यात मी दुसऱ्या देशातल्या क्लबकडून खेळलो तर बिघडलं कुठे? लीग, वैयक्तिक प्रायोजक, स्वतःचा प्रशिक्षक, शिबिराबाहेर राहून सराव, ही सगळी याच भांडणाची रूपं आहेत. म्हणून पुढच्या काही उत्तरांत लीगचा थेट संबंध नसलेल्या गोष्टीही येतील.

खेळाडूला संघटनेची इतकी गरज का पडते? टेनिसवाले तर स्वतःच नाव देतात.

सगळा पेच इथेच आहे. टेनिसपटू स्वतःच्या क्रमवारीवर स्वतः प्रवेशिका भरतो. बॅडमिंटनमध्ये जागतिक महासंघाच्या, म्हणजे बीडब्ल्यूएफच्या, स्पर्धांमधली प्रवेशिका त्या देशाच्या सदस्य संघटनेमार्फत जाते. आपल्याकडे ती बॅडमिंटन असोसिएशन ऑफ इंडिया, कोरियात कोरियन असोसिएशन, मलेशियात बॅडमिंटन असोसिएशन ऑफ मलेशिया, म्हणजे बीएएम. तुम्ही जगात पाचवे असा नाहीतर पाचशेवे, तिकीट स्वतःच्या पैशानं काढा नाहीतर सरकारच्या, संघटनेनं नाव पाठवलं नाही तर ड्रॉमध्ये नाव येत नाही.

यादीत नाव न जाण्याचा अर्थ काय, ते जुलै २०२५ मध्ये दिसलं. जर्मनीतल्या ऱ्हाइन-रूर जागतिक विद्यापीठ स्पर्धेला भारताचे १२ बॅडमिंटनपटू गेले आणि त्यातल्या ६ जणांची नावं अधिकाऱ्यांनी वेळेत दिलीच नव्हती. संघानं कांस्यपदक जिंकलं, ही मुलं मात्र कोर्टावर उतरू शकली नाहीत. ती जबाबदारी विद्यापीठांच्या यंत्रणेची होती, बॅडमिंटन संघटनेची नव्हे. पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात असली की काय होतं, ते त्या सहा जणांना विचारा.

त्यामुळे लीगवरून वाद झाला की संघटनेला बंदी घालायचीही गरज पडत नाही. नुसतं नाव पाठवायचं थांबवलं तरी पुरतं.

परदेशी लीग म्हणजे नक्की काय? किती दिवस जावं लागतं?

दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला प्रकार युरोपातल्या क्लब लीगचा: जर्मनीची बुंडेसलीगा, डेन्मार्कची लीग, फ्रान्सची लीग. हंगाम साधारण शरद ऋतूत सुरू होतो आणि वसंतापर्यंत चालतो. सामने बहुतेक शनिवार-रविवारी. बुंडेसलीगात एका लढतीत सात सामने होतात: पुरुष एकेरी दोन, पुरुष दुहेरी दोन, महिला एकेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. गेम ११ गुणांचे आणि पाचपैकी तीन जिंकायचे. आपल्या मुलांना २१ गुणांची सवय असते. पहिले चार-पाच गुण अंदाज घेण्यात घालवले तर इथे गेम निम्मा संपलेला असतो. क्लब म्हणजे बहुतेकदा छोट्या गावातली शाळेची व्यायामशाळा, दोनतीनशे प्रेक्षक आणि केक विकणारी स्वयंसेवक मंडळी. झगमगाट नसतो, पण शिस्त आणि नियमित सामने असतात.

दुसरा प्रकार लिलावाच्या लीगचा. आपली इंडियन बॅडमिंटन लीग २०१३ मध्ये झाली, नंतर २०१६ पासून ती प्रीमियर बॅडमिंटन लीग या नावानं चालली. दोनतीन आठवडे, टीव्हीवर प्रक्षेपण, मोठा पैसा. भारताच्या दृष्टीनं ती देशी लीग, पण मलेशियाचा ली चोंग वेई किंवा स्पेनची कॅरोलिना मारिन यांच्या दृष्टीनं ती परदेशी लीगच होती. मलेशियाची पर्पल लीग आणि इंडोनेशियाची सुपरलीगा यांतही बाहेरचे खेळाडू घेतले जात.

पैसा खरंच इतका असतो का, की त्यासाठी संघटनेशी वाकडं घ्यावं?

वरच्या फळीसाठी लीगचा पैसा म्हणजे वरकमाई. २०१३ च्या लिलावात ली चोंग वेईला मुंबई मास्टर्सनं १,३५,००० डॉलर दिले, सायनाला हैदराबादनं १,२०,०००. २०२० च्या हंगामात सिंधू आणि तैवानची ताई त्झू-यिंग प्रत्येकी ७७ लाखांना गेल्या. या मंडळींना लीग मिळाली नाही म्हणून चूल विझत नाही.

खरा प्रश्न खालच्या खेळाडूंचा आहे आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. २०२३ च्या मलेशिया ओपनला एकूण बक्षीस साडेबारा लाख डॉलर होतं, एकेरीच्या विजेत्याला ८७,५०० मिळाले. त्याच वर्षी बऱ्याच खालच्या, सुपर ३०० दर्जाच्या स्पर्धेत एकूण २,१०,००० आणि विजेत्याला १५,७५०. त्याखाली उतरा. इंटरनॅशनल चॅलेंजमध्ये पाचही प्रकार मिळून वाटायची रक्कम साधारण १५,००० डॉलर. जगात ऐंशीव्या किंवा शंभराव्या क्रमांकाचा मुलगा वर्षाला अशा बारा-पंधरा स्पर्धा खेळतो. विमान, हॉटेल, व्हिसा, रॅकेटच्या तारा, फिजिओ, सगळं खिशातून. दुसऱ्या फेरीत हरला की त्या आठवड्याचं जेवणसुद्धा निघत नाही.

त्याला युरोपातला क्लब हंगामाची ठरलेली रक्कम, राहायला खोली आणि सरावाला हॉल देतो. तिथून तो आसपासच्या स्पर्धा रेल्वेनं जाऊन खेळू शकतो. त्याच्यासाठी लीग हा खेळात टिकून राहण्याचा मार्ग आहे. 'आमच्या परवानगीशिवाय कुठेही खेळायचं नाही' असा नियम करताना डोळ्यासमोर सिंधू असते. तो लागू मात्र या मुलाला होतो.

हे सगळं अलीकडचं आहे का?

नाही. प्रकाश पदुकोण १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर डेन्मार्कला गेले. कोपनहेगनजवळच्या ह्विडोव्रे क्लबकडून खेळत, मॉर्टन फ्रॉस्टसारख्यांबरोबर सराव करत त्यांनी अनेक वर्षं तिथे काढली. भारतात त्या दर्जाचा सराव मिळणं तेव्हा शक्य नव्हतं. आपल्या बॅडमिंटनचा सगळ्यात आदराचा माणूस परदेशी क्लबचा खेळाडू होता, हे आजच्या वादात कोणी आठवत नाही याचं मला नवल वाटतं.

संघटनेची बाजू काहीच नाही का?

आहे, आणि ती हलकी नाही. मलेशिया, कोरिया, चीन, इंडोनेशिया इथे मूल बारा-तेरा वर्षांचं असतानाच राष्ट्रीय केंद्राच्या किंवा क्रीडाशाळेच्या व्यवस्थेत येतं. निवास, आहार, प्रशिक्षक, सरावाला तोडीस तोड भिडू, परदेश दौरे, हा खर्च आठदहा वर्षं चालतो. दहा मुलांवर खर्च होतो तेव्हा एक नाव होतं. ते एक नाव विसाव्या वर्षी 'मी चाललो' म्हणालं तर पुढच्या दहा मुलांचा पैसा कुठून येणार? संघटनेचा मुख्य प्रायोजकही त्या एका चेहऱ्यासाठीच पैसे देत असतो. शिवाय थॉमस-उबर चषक, सुदिरमन चषक, आशियाई स्पर्धा यांसाठी संघ बांधायचा असतो. दुहेरीची जोडी महिनोन्‌महिने एकत्र असावी लागते. एक जण जर्मनीत आणि दुसरा हैदराबादेत, असं करून जोडी होत नाही.

हे सगळं मला मान्य आहे. पण खर्च केला असेल तर तो करारात लिहा. किती वर्षं, किती आठवडे, कोणते हक्क आणि शेवट कधी. शेवटाची तारीख नसलेल्या बंधनाला करार म्हणता येत नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या बापानं केलेली सही त्या मुलाला तिशीपर्यंत बांधू शकत नाही.

कोरियात नेमकं काय झालं? आन से-यंगचं नाव सारखं ऐकू येतं.

हे प्रकरण नीट समजून घेतलं तर बाकीची आपोआप समजतात, म्हणून जरा सविस्तर.

कोरियन संघटनेचा नियम होता की राष्ट्रीय संघाबाहेरच्या खेळाडूला स्वतंत्रपणे आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायची तर पुरुषाचं वय ३१ आणि महिलेचं २९ पूर्ण हवं. बॅडमिंटनमध्ये ३१ म्हणजे उतरणीला लागलेलं वय. थोडक्यात, संघ सोडलास तर उमेदीची वर्षं घरी बस. अशा काळात खेळाडूला उरते ती देशांतर्गत कंपनी संघांची स्पर्धा आणि परदेशी लीग. दुहेरीतला महान खेळाडू ली योंग-डे २०१६ मध्ये राष्ट्रीय संघातून बाहेर पडला. नंतर तो मलेशियाच्या पर्पल लीगमध्ये दिसला आणि प्रीमियर बॅडमिंटन लीगमधल्या आपल्या मुंबई रॉकेट्सकडूनही खेळला. मुंबईकर प्रेक्षकांनी त्याचा नेटवरचा हात डोळे भरून पाहिला. इतका मोठा खेळाडू आपल्याला लाभला त्यामागे त्याच्या घरच्या संघटनेचे नियम होते, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

को सुंग-ह्यून आणि शिन बेक-चेओल ही २०१४ ची जगज्जेती जोडी. या दोघांनी वयाच्या नियमाला न्यायालयात आव्हान दिलं. व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा होता. २०१८ मध्ये सोलच्या न्यायालयानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला. पुढे २०१९ ची ऑस्ट्रेलियन ओपन या दोघांनी स्वतंत्र खेळाडू म्हणून जिंकली. ज्यांना संघटनेनं घरी बसवलं असतं, त्यांनीच कोरियाचा झेंडा वर नेला.

संघटनेनं मग वय कमी केलं. पुरुष २८, महिला २७, आणि राष्ट्रीय संघात ५ वर्षं सेवा. नियम मोडला नाही, वाकवला.

त्यानंतर ५ ऑगस्ट २०२४. पॅरिसमध्ये आन से-यंगनं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. कोरियाला महिला एकेरीत १९९६ च्या बांग सू-ह्यूननंतर मिळालेलं पहिलं. पदक गळ्यात असतानाच ती पत्रकारांसमोर संघटनेबद्दल बोलली. आदल्या वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिचा गुडघा दुखावला होता. ती दुखापत संघटनेनं गांभीर्यानं घेतली नाही, असं तिचं म्हणणं. ती तेव्हा २२ वर्षांची होती. संघ सोडला असता तर नियमाप्रमाणे आणखी पाच वर्षं तिला आंतरराष्ट्रीय कोर्ट दिसलं नसतं.

कोरियाच्या क्रीडा मंत्रालयानं चौकशी लावली. त्यात दिसलं की राष्ट्रीय खेळाडूंना रॅकेट आणि बूटसुद्धा संघटनेच्या प्रायोजकाचेच वापरावे लागत होते. ज्याच्या पायाला फोड येतात त्याला स्वतःच्या मापाचा बूट निवडता येत नाही, हे खेळणाऱ्यालाच कळेल. वयाची अट काढून टाका, असं मंत्रालयानं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये संघटनेची निवडणूक झाली, विद्यमान अध्यक्ष हरले आणि अथेन्स २००४ च्या पुरुष दुहेरीचा सुवर्णविजेता किम डोंग-मून अध्यक्ष झाला.

आणखी एक जुनी गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. जानेवारी २०१४ मध्ये ली योंग-डे आणि किम गी-जुंग यांच्यावर उत्तेजक चाचणीला उपलब्ध नसल्याबद्दल एक वर्षाची बंदी आली. दोघांनी काहीही घेतलेलं नव्हतं. ते कुठे आहेत याची माहिती कळवण्याचं काम संघटनेकडे होतं आणि तिथे ढिलाई झाली. एप्रिलमध्ये बंदी रद्द झाली. 'सगळं आमच्यामार्फत' असा हट्ट धरायचा तर ते सगळं काम वेळेवर करायची जबाबदारीही घ्यावी लागते.

मलेशियानं ली झी जियावर बंदी का घातली होती?

२०२१ चा ऑल इंग्लंड विजेता ली झी जिया जानेवारी २०२२ मध्ये बीएएममधून बाहेर पडला. त्याला स्वतंत्र खेळायचं होतं. बीएएमनं जाहीर केलं की दोन वर्षं त्याचं नाव कोणत्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पाठवलं जाणार नाही. त्याच्याबरोबर गोह जिन वेईवरही तीच कारवाई झाली. दोनदा कनिष्ठ जगज्जेती झालेल्या या मुलीचं २०१९ मध्ये मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि राष्ट्रीय केंद्रातला सराव शरीराला झेपत नाही म्हणून ती बाहेर पडली होती. तिच्यावर बंदी घालताना कोणाचा हात कसा थरथरला नाही, मला कळत नाही.

देशभर गदारोळ झाला. चारपाच दिवसांत चर्चा होऊन बंदी मागे घेतली गेली. पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये ली झी जियानं मलेशियाला कांस्य मिळवून दिलं. बंदी टिकली असती तर २०२४ च्या जानेवारीपर्यंत तो बाहेर असता आणि ऑलिंपिक पात्रतेचा काळ जवळजवळ संपला असता.

युरोपात असे वाद ऐकू येत नाहीत. का?

तिथे खेळाडू आधी क्लबचा असतो. मूल गावातल्या क्लबात वाढतं, क्लबकडून लीग खेळतं, राष्ट्रीय संघ नंतर येतो. डॅनिश खेळाडूनं जर्मनीच्या क्लबकडून खेळणं हे कोल्हापूरच्या मुलानं पुण्याच्या क्लबकडून खेळण्याइतकं साधं मानलं जातं. वाद तिथेही होतात, पण बहुतेक प्रायोजकांवरून आणि करारावरून. व्हिक्टर अ‍ॅक्सेलसन टोकियोच्या सुवर्णानंतर २०२१ मध्ये राष्ट्रीय केंद्र सोडून दुबईला राहायला गेला. डेन्मार्कनं त्याला रोखलं नाही. पॅरिसला तो पुन्हा सुवर्ण घेऊन आला.

भारतात परिस्थिती काय आहे?

आपलं बरं एवढंच की खेळाडू एका केंद्रात कोंडलेला नाही. हैदराबादेत गोपीचंद अकादमी, बंगळुरूत पदुकोण यांची अकादमी, आपल्याकडे गोरेगावात उदय पवार यांची. सरकारचा पैसा 'टॉप्स', म्हणजे ऑलिंपिक पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठीच्या योजनेतून येतो. म्हणजे खर्चाचं ओझं अनेकांनी वाटून घेतलं आहे. प्रवेशिकेची किल्ली मात्र एकाच हातात.

२०१३ चं ज्वाला गुट्टाचं प्रकरण आठवा. इंडियन बॅडमिंटन लीगमध्ये दिल्ली आणि बंगळुरूच्या बांगा बीट्सची लढत होती. बांगा बीट्सनं जखमी हू युनच्या जागी ऐन वेळी यान योर्गेन्सनला आणलं. दिल्लीच्या संघानं आक्षेप घेतला, सामना लांबला. ज्वाला दिल्लीकडून खेळत होती. संघटनेच्या शिस्तपालन समितीनं तिच्यावर आजन्म बंदीची शिफारस केली. एका लीगमधल्या उशिरासाठी आजन्म! ऑक्टोबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तिला अंतरिम दिलासा दिला आणि ती पुन्हा खेळू लागली.

त्याच लीगमध्ये महिला दुहेरी हा प्रकारच नव्हता, त्याऐवजी दुसरी पुरुष एकेरी ठेवली होती. ज्वाला आणि अश्विनी पोनप्पा या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलेल्या जोडीतल्या प्रत्येकीची मूळ किंमत लिलावाआधी ५० हजार डॉलरवरून २५ हजारांवर आणली गेली. संघटना हीच लीगची पालक, हीच नियम करणारी आणि हीच न्यायाधीश, असं झालं की खेळाडूला दाद मागायला आत जागा उरत नाही. मग तो कोर्टात जातो किंवा गप्प बसतो. गप्प बसणाऱ्यांची नावं तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

आणि ती देशी लीगही २०२० नंतर झालेली नाही. शेवटचा हंगाम बंगळुरू रॅप्टर्सनं जिंकला. घरची लीग बंद असताना बाहेरच्या लीगला जाणाऱ्याकडे वाकड्या नजरेनं पाहायचा हक्क कोणालाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण लीगमुळे दुखापती वाढतात, हे खरं ना?

वेळापत्रक आधीच भरलेलं आहे, हे खरं. २०१८ पासून बीडब्ल्यूएफनं एकेरीतल्या पहिल्या १५ आणि दुहेरीतल्या पहिल्या १० जोड्यांना वर्षाला किमान १२ ठरावीक स्पर्धा सक्तीच्या केल्या. चुकवली तर दंड. सायना आणि किदांबी श्रीकांत दोघांनी तेव्हा उघड नाराजी व्यक्त केली होती. त्यावर लीगचे दोनतीन आठवडे चढवले तर विश्रांतीचे आठवडे जातात. कॅरोलिना मारिन जानेवारी २०१९ च्या मध्यापर्यंत चाललेल्या प्रीमियर बॅडमिंटन लीगच्या हंगामात आपल्या पुणे ७ एसेसकडून खेळली आणि २७ जानेवारीला इंडोनेशिया मास्टर्सच्या अंतिम सामन्यात तिचा गुडघा गेला. लीगमुळेच गेला असं मी म्हणणार नाही. गुडघा एका उडीत जातो, पण थकवा महिनाभर साठत असतो आणि त्यात लीग, सक्तीच्या स्पर्धा, शिबिरं सगळ्यांचा वाटा असतो. तो वाटा कोणी मोजत नाही.

खेळाडूंनाही हे कळतं. ऑलिंपिक पात्रतेसाठी सायना आणि श्रीकांतनं २०२० चा हंगाम आपणहून सोडला. बंदीची गरज लागली नाही.

संघटनेच्या अशा बंदीला कायद्यात आधार आहे का?

परवानगी मागण्याचा नियम बहुतेक ठिकाणी चालतो. तो कसा वापरला जातो, तिथे न्यायालयं अडवतात.

युरोपात आइस स्केटिंगच्या जागतिक संघटनेनं परवानगी नसलेल्या स्पर्धेत उतरणाऱ्यांना आजन्म बंदीची तरतूद ठेवली होती. मार्क टाउटर्ट आणि नील्स केर्स्टहोल्ट या दोन डच खेळाडूंनी तक्रार केली. २०१७ मध्ये युरोपीय आयोगानं आणि २१ डिसेंबर २०२३ ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला. निकष आधी लिहिलेले, स्पष्ट आणि सगळ्यांना सारखे हवेत, असा त्याचा गाभा.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगापुढे, म्हणजे बाजारातल्या मक्तेदारीला आळा घालणाऱ्या सरकारी संस्थेपुढे, दोन महत्त्वाची प्रकरणं झाली. पहिलं हॉकीचं, आणि त्यात तक्रार करणाऱ्यांत आपल्या खडकीचे धनराज पिल्ले होते. राष्ट्रीय संघटनेची, म्हणजे हॉकी इंडियाची, मान्यता नसलेल्या वर्ल्ड सिरीज हॉकी या लीगमध्ये खेळणाऱ्यांना भारतीय संघाचे दरवाजे बंद करण्याच्या नियमाविरुद्ध ती तक्रार होती. २०१३ मध्ये आयोगानं हॉकी इंडियाला दोषी धरलं नाही. दुसरं बुद्धिबळाचं. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळल्याबद्दल खेळाडूंवर बंदी घालणं, त्यांचं मानांकन काढणं, यासाठी २०१८ मध्ये आयोगानं अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाला ६.९२ लाखांचा दंड केला. पाच वर्षांत विचार किती सरकला, ते या दोन निकालांतून दिसतं.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा न्यायाधिकरणाची आणि प्रत्येक संघटनेत खेळाडूंच्या समितीची तरतूद आहे. हंगाम काही महिन्यांचा असतो आणि दिवाणी दावा कित्येक वर्षांचा. न्यायाधिकरण लवकर निकाल देणारं असलं तरच त्याचा उपयोग.

लीगमधून आपल्याला मिळालं काय?

माझं आवडतं उदाहरण पुण्याचंच आहे. पुणे ७ एसेसच्या संघात मथायस बो होता, लंडन ऑलिंपिकचा दुहेरीतला रौप्यविजेता डॅनिश. त्याच संघात मुंबईचा चिराग शेट्टी. एकविशीतल्या चिरागला बो याच्याबरोबर एकाच कोर्टावर उभं राहायला मिळालं. सर्व्हिसनंतरची पहिली तीन फटक्यांची लढाई डॅनिश लोक कशी खेळतात, हे त्यानं बाजूला उभं राहून पाहिलं. पुढे २०२१ मध्ये बो हा चिराग आणि त्याचा दुहेरीतला जोडीदार सात्त्विक यांचा प्रशिक्षक म्हणून भारतात आला. २०२२ चा थॉमस चषक, २०२३ चं आशियाई सुवर्ण आणि जागतिक क्रमवारीतलं पहिलं स्थान त्यानंतरचं. एका लीगनं हे सगळं केलं असा दावा नाही. पण ओळख कुठल्या तरी ड्रेसिंग रूममध्येच होते, सरकारी पत्रव्यवहारात होत नाही.

माझ्या मुलाला परदेशी क्लबचं बोलावणं आलं आहे. काय करू?

आमच्या हॉलमधला एक मुलगा, दुहेरी खेळणारा, तेवीस वर्षांचा. एका संध्याकाळी मी तारा ओढायच्या मशीनवर त्याची रॅकेट लावली होती आणि तो समोर फोन धरून उभा होता. 'काका, वाचा ना.' युरोपातल्या क्लबचं पत्र. हंगामाची रक्कम, खोली, आठवड्यातून चार दिवस सराव. शेवटची ओळ अशी की शुक्रवारपर्यंत संघटनेचं ना-हरकत पत्र पाठव. तो दिवस सोमवार होता. त्यानं त्याच रात्री अर्ज केला. दोन दिवसांनी फोन केला, साहेब दौऱ्यावर. पुन्हा केला, फाइल वर गेली आहे. पत्र आलं एकोणिसाव्या दिवशी, नकार नव्हता, एका ओळीचा होकार होता. क्लबनं तोवर दुसऱ्या देशातला मुलगा घेतला होता. कोणी त्याच्यावर बंदी घातली नाही, कोणी वाईट बोललं नाही. त्या वर्षी त्यानं एका दुकानात विक्रेत्याची नोकरी धरली आणि सराव आठवड्याला दोन दिवसांवर आला.

म्हणून सांगतो: क्लबचं पक्कं पत्र येण्याची वाट पाहू नका. बोलणी सुरू झाली की लगेच संघटनेला ईमेलनं कळवा, राज्य संघटनेला प्रत ठेवा, हंगामाच्या तारखा लिहा आणि राष्ट्रीय स्पर्धा व निवड चाचणीच्या तारखांना तुम्ही भारतात असाल हे त्यातच नमूद करा. उत्तर लेखी मागा. फोनवरचा होकार नंतर कोणालाच आठवत नाही. क्लबच्या करारात 'राष्ट्रीय संघासाठी बोलावणं आलं तर खेळाडू मोकळा' ही ओळ घालून घ्या. बहुतेक क्लब आनंदानं घालतात. दुखापतीचा विमा कोण काढणार, तेही आधी विचारा.

मुलगा पेट्रोलियम कंपनीत किंवा रेल्वेत नोकरीला असेल तर?

तर आधी ऑफिसची परवानगी. क्रीडा कोट्यातल्या खेळाडूला कंपनीच्या स्पर्धा खेळाव्या लागतात आणि परदेशात मानधन घेण्यावर सेवाशर्तींत बंधन असू शकतं. संघटनेचं पत्र हातात आहे म्हणून रजा गृहीत धरू नका.

सोळा वर्षांच्या मुलीला पाठवावं का?

माझ्या मते नाही. दोन आठवड्यांच्या शिबिराला जरूर पाठवा, क्लब पाहू द्या, थंडीत सकाळी सहाला हॉलवर चालत जाणं कसं असतं ते कळू द्या. पूर्ण हंगाम बारावीनंतर.

संघटनेचं नाव घेऊन तक्रार केली तर मुलाचं नुकसान होईल का?

ही भीती बाकावरचा प्रत्येक पालक आवाज खाली करून बोलून दाखवतो, आणि ती खोटी आहे असं मी सांगू शकत नाही. पण एकट्यानं करू नका. राज्यातले सात-आठ खेळाडू मिळून, सह्या करून, एकच साधी मागणी करा: ना-हरकत अर्जावर पंधरा दिवसांत लेखी उत्तर, नकार असेल तर कारणासह, आणि पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरायचं. आम्ही असं एक पत्र तयार केलं आहे. हॉलच्या काउंटरवर, तारांच्या रिळांच्या डाव्या बाजूला निळ्या फाइलमध्ये ठेवलं आहे. आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात.